हिशेबातला न आखलेला रकाना

मामा निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी मार्चचा शेवटचा आठवडा आला की त्यांची झोप उडते. चौतीस वर्षं कोषागारात काढलेल्या माणसाला 31 मार्चच्या रात्रीची सवय अशी सुटत नाही. देयकांचे गठ्ठे घेऊन आलेले कारकून, बाकड्यावर टेकलेले शिपाई, रात्री अकराला "साहेब, एवढं एक बिल" म्हणत दारात उभा राहिलेला एखादा उपअभियंता, हे सगळं त्यांना अजून दिसतं. यंदा मी गेले तेव्हा पहाटे साडेपाचला ते अंगणात चहा घेऊन बसले होते.

त्यांच्यापुढं मी कागदांचा गठ्ठा ठेवला. दोनशे बारा पानं. माहिती अधिकारात मागवलेली, दोन रुपये पानाप्रमाणं 424 रुपये भरून. आमच्या गावच्या ओढ्यावर दोन वर्षांपूर्वी झालेल्या सिमेंट बंधाऱ्याची ती फाइल. मी ग्रामपंचायतीची सदस्य आहे. या बंधाऱ्यात दोन्ही पावसाळ्यांत पाणी थांबलेलं नाही. ते एका काठच्या मातीतून वाट काढतं आणि भिंतीला वळसा घालून निघून जातं.

मामांनी चष्मा लावला आणि पान पान करत वाचायला घेतलं. उजाडलं, दूधवाला येऊन गेला, मामी दोनदा बाहेर डोकावल्या. मग त्यांनी गठ्ठा नीट चौकोनी करून माझ्यापुढं सरकवला.

"फाइल चोख आहे," ते म्हणाले. "प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातल्या नोंदी, काँक्रीटच्या चाचणीचा अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. सगळं आहे."

"आणि पाणी नाही."

"ते मी कसं सांगू? मी कागद तपासणारा माणूस."

"मग ते कोणी सांगायचं, मामा? फाइलवर अकरा सह्या आहेत. मी मोजल्या. त्या अकरांपैकी एकालाही ओढ्यात पाणी थांबलं का, हे लिहावं लागलेलं नाही. त्यासाठी जागाच ठेवलेली नाही."

मामांना हे आवडलं नाही. कागदाला कोणी कमी लेखलं की त्यांना लागतं, आणि त्याला कारण आहे. त्यांच्या पहिल्या नेमणुकीच्या गावी एका विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन तीन वर्षं अडलं होतं, कारण नवऱ्याच्या सेवापुस्तकात एका वर्षाची नोंद नव्हती. ती नोंद मामांनी शोधून काढली होती. "तुला कागद म्हणजे सरकारी डोकेदुखी वाटते," ते म्हणाले. "गरिबाकडं ओळख नसते, शब्द टाकणारं कोणी नसतं. त्याच्याजवळ कागदच असतो. कागद नको म्हणशील तर उरतो साहेबाचा शब्द. तो राज्यकारभार आपण पाहिलेला आहे."

"कागद नको असं मी म्हणतच नाही. कागदानं खरं बोलावं एवढंच म्हणते. हे बघा." मी दोन पानं काढून शेजारी शेजारी ठेवली. "रक्कम कोषागारातून निघाली 31 मार्चला. उपयोगिता प्रमाणपत्रावर तारीख 15 एप्रिल. निधी ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी वापरला, असं त्यात लिहिलंय. आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे 20 जूनचा. बंधारा उभा राहण्याआधी दोन महिने तो बांधून झाल्याचं प्रमाणपत्र दिलं गेलं. ही चोरी नाही?"

"नाही," मामा शांतपणे म्हणाले. "चोरी असती तर सोपं होतं. चोर सापडला असता. ही पद्धत आहे."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते शाळेच्या नागरिकशास्त्रात कधी कोणी सांगितलं नव्हतं. सरकारच्या पुस्तकात खर्च म्हणजे काम नव्हे, कोषागारातून निघालेली रक्कम. ती निघाली आणि दुसऱ्या यंत्रणेच्या खात्यात जाऊन पडली, तरी राज्याच्या हिशेबात ती खर्ची पडली. वर्ष संपताना तरतूद शिल्लक राहिली तर ती व्यपगत होते, म्हणजे बुडते. म्हणून मार्चमध्ये ती आधी काढून घेतात, कुठल्या तरी ठेव खात्यात ठेवतात, आणि काम सावकाश होतं. उपयोगिता प्रमाणपत्र पुष्कळदा पैसे पुढच्या यंत्रणेला पोचल्याबद्दल दिलं जातं. पुढचा हप्ता मिळायला ते लागतं, म्हणून ते लवकर लिहिलं जातं. किंवा लिहिलंच जात नाही. कॅगच्या, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, महाराष्ट्राच्या वित्त अहवालात थकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांवर आणि खात्यांत पडून राहिलेल्या रकमांवर वर्षानुवर्षं परिच्छेद येत आहेत.

"म्हणजे अर्थमंत्री विधानसभेत सांगतात की जलसंधारणावर एवढे कोटी खर्च झाले, तेव्हा त्यातले किती ओढ्यापर्यंत आले हे त्यांनाही माहीत नसतं?"

"त्यांना कोषागारातून किती निघाले ते माहीत असतं. तेवढं अचूक माहीत असतं, रुपयापर्यंत. पूर्वी तेही नसायचं. आता 'बीम्स' या संगणकप्रणालीवर तरतूद असल्याशिवाय देयक पुढं सरकत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर चढतो, त्याला सांकेतांक असतो, गावातला मुलगा मोबाइलवर तो उघडून वाचतो. मी नोकरीला लागलो तेव्हा शासन निर्णयाची प्रत मिळवायला मंत्रालयात माणूस पाठवावा लागे. हे बदललंय, आणि ते माझ्यासारख्या कागदवाल्यांनीच बदललंय, हेही लिही."

ते मी इथं लिहिते आहे, कारण ते खरं आहे.

पण माझं समाधान झालं नव्हतं. "कागद तपासायला लेखापरीक्षक आहेत ना? ते तरी ओढ्यावर जातात?"

"जातात. नमुना म्हणून निवडलेल्या कामांवर जातात. सगळीकडं जाणं कोणालाच शक्य नाही." मामांचा आवाज जरा चढला. "बाबासाहेब संविधान सभेत काय म्हणाले होते, माहीत आहे? 1949 साली. नियंत्रक व महालेखापरीक्षक हा राज्यघटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याचं काम न्यायपालिकेपेक्षाही महत्त्वाचं आहे, असं ते म्हणाले. प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर ज्यानं 1925 साली ग्रंथ लिहिला, त्या माणसाचं हे मत आहे. आपल्याकडची ती संस्था दुबळी नाही. जलयुक्त शिवार या जलसंधारणाच्या योजनेचंच घे. 9,633 कोटींहून जास्त खर्च झाला, आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगनंच लिहिलं. कोणाची भीड ठेवली नाही."

"कधी लिहिलं?"

मामा थांबले. "अहवाल सभागृहात आला सप्टेंबर 2020मध्ये."

"योजना सुरू झाली 2014च्या डिसेंबरात. 2019ला संपली. माणूस गेल्यावर डॉक्टर आला, मामा. रोगाचं निदान बरोबर केलं असेल, पण आला केव्हा?"

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "त्यात कॅगचा दोष थोडा. घटनेच्या कलम 151प्रमाणं अहवाल राज्यपालांकडं जातो आणि विधिमंडळापुढं ठेवला जातो. किती दिवसांत ठेवायचा, हे घटनेत लिहिलेलं नाही. त्यामुळं तो बहुतेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार रकाने, आणि संपलं. पुढं लोकलेखा समिती. तिच्याकडं इतक्या वर्षांचे इतके परिच्छेद साचलेले असतात की एखाद्या खात्याचा सचिव तिच्यापुढं साक्षीला उभा राहतो तेव्हा तो खर्च करणारा सचिव केव्हाच निवृत्त झालेला असतो. समोरचा म्हणतो, मी त्या वेळी नव्हतो. आणि तो खरंच नसतो."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख होतं ते मी पाहिलं. ज्या व्यवस्थेवर त्यांनी आयुष्य घालवलं, तिचं उत्तर नेहमी उशिरा येतं, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं.

मी जरा जोर धरला. राजस्थानातली गोष्ट मी त्यांना सांगितली. डिसेंबर 1994मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेनं पहिली जनसुनावणी भरवली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावोगावचे मजूर. त्यांनी हजेरीपट आणि बिलं गावापुढं मोठ्यानं वाचली, एवढंच केलं. वाचताना गावकरी उभे राहून सांगू लागले, हा माणूस तर इथं राहतच नाही, हे काम झालंच नाही. लेखापरीक्षकाला चाळीस वर्षं डोळ्यांपुढं धरूनही जो कागद खोटा वाटला नसता, तो गावाला ऐकताक्षणी खोटा वाटला. त्यातूनच 1996मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं. आपल्याकडं अण्णा हजारेंची उपोषणं झाली, महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदा आला, आणि 12 ऑक्टोबर 2005पासून देशाचा कायदा पूर्णपणे लागू झाला.

"मग त्याच कायद्यानं तुला ही फाइल मिळाली," मामा म्हणाले. "पण त्याच कायद्याच्या जिवावर जगणारे लोकही मी पाहिलेत. अर्ज करायचा, कंत्राटदाराला फोन करायचा, पाकीट घ्यायचं, अपील मागं घ्यायचं. माझ्या हाताखालचा एक प्रामाणिक कनिष्ठ लेखाधिकारी अशा अर्जांना भिऊन कुठल्याच फाइलवर मत लिहीनासा झाला. प्रत्येक फाइल वर पाठवायचा. तुम्ही लोक भ्रष्टाचाराचा हिशेब मांडता. न झालेल्या सह्यांचा हिशेब कोण मांडतं? सरकारी नोकरीत सही न करणं हा सगळ्यात सुरक्षित निर्णय असतो. त्या न झालेल्या सहीपायी शाळेचं छप्पर एक पावसाळा गळतं, आणि त्यावर लेखापरीक्षणात कधी आक्षेप निघत नाही."

हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. मी अजूनही त्यावर विचार करते. पारदर्शकतेबद्दल बोलताना आम्ही कार्यकर्ते धरून चालतो की प्रत्येक सहीमागं पाप असतं. ज्या अधिकाऱ्यानं धाडसानं, चांगल्या बुद्धीनं, घाईच्या वेळी निर्णय घेतला आणि तो चुकला, त्याच्यासाठी आमच्या भाषेत वेगळा शब्दच नाही.

"म्हणूनच अर्ज करावा लागू नये, मामा," मी म्हटलं. "कायद्याच्या कलम 4मध्ये लिहिलंय की कार्यालयानं सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करावी. त्यात अंदाजपत्रक येतं, वाटप येतं, अनुदानाच्या योजना आणि त्यांचे लाभार्थी येतात. हे सगळं आधीच भिंतीवर असेल तर धमकावणाऱ्याजवळ विकायला काय उरतं? दडवलेल्या गोष्टीचंच मोल असतं. राजस्थाननं 2019मध्ये जनसूचना पोर्टल काढून तेच करून पाहिलं. रेशन दुकानात किती धान्य आलं, कोणाला गेलं, हे अर्ज न करता दिसू लागलं."

"लाभार्थ्यांची नावं भिंतीवर?" मामांनी मान हलवली. "लाडकी बहीण योजना घे. महिन्याला 1,500 रुपये. सुरुवातीला वर्षाला 46,000 कोटींचा अंदाज होता. पैसे आधी गेले, छाननी मागून आली. जुलै 2025मध्ये 26.34 लाख लाभार्थींचा लाभ थांबवल्याचं मंत्र्यांनी सांगितलं. मला हिशेबनीस म्हणून ते बोचतं. तरीही, गावच्या चावडीवर बायकांची नावं आणि रकमा लावणार तू? एखादीनं ते पैसे नवऱ्याच्या दारूपासून लपवून पोरीच्या फीसाठी ठेवले असतील. तुझ्या पारदर्शकतेनं तिचा डबा फुटेल."

यावर मी गप्प झाले. अशा दोन बायका मला माहीत आहेत.

थोड्या वेळानं मी म्हटलं, "नाव आणि रक्कम वेगळी करता येईल. गावात किती बायकांना मिळाले, किती अर्ज नाकारले, कोणत्या कारणानं, हे आकडे लावा. नावांची खातरजमा महिला ग्रामसभेत करू. ती आपल्या कायद्यातच आहे, मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. तिथं नवरे नसतात. पण मला भीती उलट बाजूची वाटते. 2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकाराचं कलम 8(1)(ञ) बदलून टाकलं. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असं वाक्य त्या कलमात होतं. ते गेलं. उद्या कंत्राटदाराचं नाव, मोजमाप घेणाऱ्या अभियंत्याचं नाव हे सगळं वैयक्तिक माहिती म्हणून झाकलं तर? त्या बाईचा डबा झाकायला घेतलेल्या पदराआड ठेकेदार जाऊन बसेल."

"व्यापक लोकहिताचं पोटकलम अजून आहे."

"आहे. पण लोकहित आहे हे आता मला सिद्ध करावं लागेल. पूर्वी आमदाराला जे मिळतं ते मला मिळत होतं."

मामी पोहे घेऊन आल्या. खाताना कोणी बोललं नाही. मग मामांनीच विषय काढला, आणि तो मला अनपेक्षित होता.

"तू सारखी खालच्या टोकाला बघतेस," ते म्हणाले. "एका बंधाऱ्याकडं. राज्याचा पैसा तिथं कमी बुडतो. तो वर बुडतो, आणि उघड्यावर बुडतो. जून 2024च्या अखेरीस अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला. जुलैमध्ये 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. पुरवणी मागणी असते कशासाठी? वर्षाच्या सुरुवातीला दिसलं नव्हतं असं काही उद्भवलं तर. पूर, दुष्काळ. पंधरवड्यात असं काय उद्भवतं? मला राजकारणात पडायचं नाही. कोणत्याही पक्षाचं सरकार असो, ही सवय तीच आहे. पण घरातली बाई महिन्याच्या एक तारखेला जमाखर्च लिहून दहा तारखेला तो फाडत नाही. यात गुप्त काय आहे? सगळं छापील आहे, सभागृहात वाटलेलं आहे. पारदर्शक आहे. आणि कोणी विचारत नाही."

"म्हणजे माहिती असून उपयोग नाही?"

"माहिती असते एकाकडं आणि विचारायचा अधिकार असतो दुसऱ्याकडं. गोसीखुर्द बघ. वैनगंगेवरचं धरण. 1983 साली किंमत ठरली 372 कोटी. 1988मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. मग सुप्रमा, पुन्हा सुप्रमा." सुधारित प्रशासकीय मान्यतेला जलसंपदा खात्यात सगळे सुप्रमा म्हणतात. "सुप्रमा होत होत आकडा 18,000 कोटींच्या वर गेला. प्रत्येक सुप्रमा नियमानुसार मंजूर झाली, प्रत्येकीची फाइल आहे, तुझ्या या फाइलपेक्षा जाडच असेल. जी जमीन भिजायची होती तिथला शेतकरी या काळात म्हातारा झाला. वाढलेल्या किमतीतली किती चोरीची, किती उशिराची, किती महागाईची, हे वेगळं काढून दाखवणारा एक कागद मला कधी दिसला नाही."

मग मला 2012 आठवलं. त्या वर्षीच्या आर्थिक पाहणी अहवालात लिहिलं होतं की दहा वर्षांत राज्यातलं ओलिताचं क्षेत्र 17.8 टक्क्यांवरून 17.9 टक्क्यांवर गेलं. या काळात सिंचनावर झालेला खर्च सुमारे 70,000 कोटी असल्याचं तेव्हा सगळीकडं बोललं जात होतं. नोव्हेंबरात जलसंपदा विभागानं श्वेतपत्रिका काढली, तिच्यात वाढ 5.17 टक्के सांगितली. डॉ. माधव चितळे यांची समिती नेमली गेली. आरोप झाले, खटले झाले, सरकारं आली आणि गेली. मला त्यातली एकच गोष्ट कायम टोचत राहिली: राज्यात किती जमीन भिजते यावर सरकारच्याच दोन खात्यांचं एकमत नव्हतं. आणि पुढची काही वर्षं पाहणी अहवालातल्या त्या रकान्यात आकडाच दिला गेला नाही.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा पुढं झुकले. "बघ, आता तू माझ्या बाजूनं बोलतेस. मोजणी नाही तर हिशेब नाही."

"नाही मामा, तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय. पैसा रुपयापर्यंत मोजला. पाणी मोजलं नाही. तुमच्या पुस्तकाला डावी बाजू आहे, उजवी बाजूच नाही."

त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि गठ्ठा पुन्हा जवळ ओढला.

"माझ्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जायचे," ते पानं उलटत म्हणाले. "फेब्रुवारीत तीनशे. व्यवसाय कर. वर्षाचे अडीच हजार. तो कर का लागला होता, माहीत आहे? 1972च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना चालवायला. वि. स. पागे यांची ती कल्पना. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं आणि त्यातून खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी मिळायची. मी चौतीस वर्षं दिला. ज्या बाईला तो मिळाला असेल ती मला कधी भेटली नाही, आणि तिला मी. आमच्या दोघांच्या मध्ये ही एवढी पुस्तकं होती. ती मी सांभाळली. ती तिच्यापर्यंत पोचावीत, असं मला कोणी सांगितलं नव्हतं."

ते एका पानावर थांबले. निविदेच्या अटींचं पान होतं ते, बारीक अक्षरांतलं. मी ते वाचलंच नव्हतं.

"काम पूर्ण झाल्याची तारीख काय म्हणालीस?"

"20 जून."

"दोषदायित्व कालावधी दोन वर्षं." त्यांनी बोटावर महिने मोजले. "म्हणजे येत्या 20 जूनपर्यंत या बंधाऱ्यात दोष निघाला तर कंत्राटदारानं तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा. त्याची सुरक्षा अनामत तोवर विभागाकडं आहे." त्यांनी भराभर पुढची पानं चाळली. "परत केल्याची नोंद फाइलमध्ये नाही. अजून आहे. 20 जूननंतर तो अर्ज करील, आणि तक्रार नसेल तर ती त्याला परत मिळेल. नियमानं मिळेल. त्यानंतर लेखापरीक्षक आला, कॅग आला, लोकलेखा समिती आली, तरी त्या ओढ्यासाठी कोणाच्या हातात काही उरणार नाही."

दोनशे बारा पानांतली ही एक ओळ. मी तीन महिने चोर शोधत होते आणि तारीख माझ्या पिशवीत होती.

"ग्रामसभा केव्हा?" मामांनी विचारलं.

"1 मे."

"नोटिशीत विषय घ्या. 'बंधाऱ्यातील दोषाबाबत' असा स्पष्ट. आयत्या वेळच्या विषयांत नको, तिथं काहीही वाहून जातं. ठरावाची प्रत विभागाला, पोच घेऊन. कोणावर आरोप करू नका. भ्रष्टाचार हा शब्दही लिहू नका. काठाकडून पाणी जातं, दोषदायित्व कालावधी चालू आहे, दुरुस्ती होईपर्यंत अनामत सोडू नये. बस."

"पण ज्यानं खोटं प्रमाणपत्र दिलं त्याचं काय?"

"त्याचंही विचार. पण वेगळ्या कागदावर. दोन्ही एकत्र केलंस तर विभाग त्याला वाचवायला उभा राहील, आणि त्यात ओढा जाईल."

हे मला पटलं असं नाही. 15 एप्रिलच्या त्या सहीचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो असावा असंही मला वाटतं. पण 20 जून जवळ होता.

मामांनी आतून जुनी आखीव वही आणली. ग्रामसभेत वाचायला एका पानाचा हिशेब करायचं ठरलं, ऐकणाऱ्याला कळेल असा. त्यांनी पट्टी धरून पेन्सिलीनं रेघा ओढल्या. कामाचं नाव. मंजूर रक्कम. कोषागारातून निघाल्याची तारीख. कंत्राटदाराला दिलेली रक्कम. काम पूर्ण झाल्याची तारीख. शिल्लक अनामत. एक रकाना त्यांनी आपणहून घातला, जो मला सुचला नसता: दायित्व, म्हणजे अजून कोणाचं काय देणं बाकी आहे ते. "हा रकाना राज्याच्या अर्थसंकल्पातसुद्धा ठळक हवा," ते म्हणाले. "मंजूर केलेली कामं किती, त्यांपोटी द्यायचे पैसे किती, आणि तरतूद किती. कंत्राटदार बिलांसाठी रांगेत का उभे असतात ते लगेच कळेल."

"अजून एक रकाना," मी म्हटलं. "पाणी किती दिवस राहिलं."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "त्याला लेखाशीर्ष नाही."

"नसू दे."

"आणि तो भरणार कोण? कोणाच्या सहीनं?"

"ओढ्याकाठच्या चार विहिरीवाल्या. त्यांच्या रोज डोळ्यांसमोर असतो तो ओढा."

मामांनी बराच वेळ वहीकडं पाहिलं. पानाच्या उजव्या कडेला दोन बोटं जागा शिल्लक होती. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं, पट्टी लावली, आणि रेघ ओढताना ती सरळ येतेय ना, हे वाकून पाहत राहिले.